पेवाचा सूर

पडेगाव, औरंगाबाद
४ डिसेंबर १९७२

ती. दादा,

तुमचं कार्ड परवा मिळालं. अकरा वर्षांत पहिलंच. पोस्टमन दारात उभा राहून ते मोठ्यानं वाचत होता, कार्ड म्हणजे सगळ्या आळीच्या मालकीचं, आणि माय त्याच्यासमोर बसून शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही. तिला ऐकू येत नाही आता, सहा वर्षं झाली. तुम्हाला हे मीच कळवायला हवं होतं.

तुम्ही लिहिलंत की गावात दाणा राहिला नाही, लोक सरकारी कामावर खडी फोडायला जातात, आणि आपलं जमिनीत खोदलेलं ज्वारीचं पेव मात्र तसंच भरलेलं झाकून पडलं आहे. संक्रांत झाली की श्रीरामपूरच्या कारखान्यातून रजा काढून येतो, पेव उघडतो, निघेल ती ज्वारी गावाला वाटून टाकतो. इथपर्यंत वाचून मला बरंच वाटलं. पण शेवटची ओळ: "तू शिकवलेलं आवाजाचं ध्यानात हाय. तेवढ्यानं भागंल."

दादा, तेवढ्यानं भागणार नाही. पेव उघडू नका असं म्हणायचा मला काही हक्क नाही. उघडा. पण आवाजावर जाऊ नका. दोरीला कंदील बांधून तळापर्यंत सोडा. विझला तर कुणी उतरायचं नाही. चार दिवस तोंड उघडं ठेवायचं, वारा आत जाऊ द्यायचा आणि मग पुन्हा कंदील. आपल्या आज्यापणज्याची रीत तीच होती आणि तीच खरी आहे.

आवाजाची रीत का कच्ची, ते थोडक्यात सांगतो. मास्तराला थोडक्यात सांगता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहेच. कुठलीही पोकळ वस्तू घ्या, घागर, रांजण, विहीर, तिचा स्वतःचा एक सूर असतो. आपण तोंडानं वरपासून खालपर्यंत आवाज उतरवत नेला की एका जागी ती वस्तू आपला आवाज उचलते आणि मोठा करून परत देते. याला आम्ही अनुनाद म्हणतो. पोकळी मोठी तर सूर खाली, लहान तर वर. घागर भरताना बघा, पाणी वर येतं तसा आवाज चढत जातो. त्यावरून मी कॉलेजात असताना हिशेब बसवला होता, की पेवाच्या तोंडाशी आडवं पडून आवाज लावायचा आणि सूर कुठं लागतो त्यावरून आत धान्य किती उरलं ते सांगायचं. दोनदा बरोबर आलं. गावानं तोंडात बोटं घातली. तुम्ही चावडीवर सांगत सुटलात की आमच्या बद्रीला न उघडता पेवातलं दिसतं.

तर त्या रीतीत एक चूक आहे, अलीकडे एका पुस्तकात वाचण्यात आली. म्हणून हे पत्र.

माय बरी आहे. ऐकू येत नसलं तरी तिला एक नवीन सवय लागली आहे. दुपारी चारच्या सुमाराला ती ओसरीच्या फरशीवर तळहात टेकून बसते, तापलेल्या तव्याचा अंदाज घेतात तसा. विचारलं तर म्हणते, "पेव बोलतंय." गाव इथून अकरा कोस. माझी बायको वच्छला घाबरते, मी तिला सांगतो की लष्करी छावणीतले गोळीबार असतील.

आपला,
बद्रीनाथ


पडेगाव
१९ डिसेंबर १९७२

ती. दादा,

दुसरं कार्ड मिळालं. "कंदिलाचं मला सांगतो व्हय? मी बघंन काय करायचं ते." एवढंच. रागावलात ते बरोबर आहे. सगळं गाव अकरा वर्षं तुम्हाला एकच गोष्ट विचारत आलं, की कंदील का नाही सोडला, आणि आता मीही तीच लिहून पाठवली. पत्र पेटीत टाकल्यावर माझ्या लक्षात आलं. मग तासभर पेटीपाशी उभा होतो, उघडायला येणाऱ्या माणसाकडून परत मागावं म्हणून. तो आला तेव्हा मागितलं नाही.

आता नीट लिहितो. पुस्तकात अलीकडे वगैरे काही वाचलं नाही. ते खोटं आहे.

त्या दिवशी मी पेवाशी आलो तेव्हा तुम्ही तोंडावरची फरशी सरकवून बसला होता. तुमच्या हातात विझलेला कंदील होता. मला वाटलं, अजून लावायचाय. मी म्हणालो, "कंदील कशाला, दादा? मी ऐकतो की." तुम्ही कंदील बाजूला ठेवलात. मी आडवा पडलो, आवाज लावला, उतरवत नेला. त्याच वर्षी फाल्गुनात आवाज लावला तेव्हा सूर जिथं लागला होता तिथं तो लागलाच नाही. खाली, आणखी खाली, माझा गळा खरखरायला लागला तेव्हा पेवानं आवाज उचलला. इतका खाली की कानापेक्षा छातीत जास्त लागला. मी उठून म्हणालो, "निम्मं धान गेलंय. कुणीतरी काढलंय." आपला धाकटा सांडू मागं उभा होता. धान चोरीला गेलं म्हटल्यावर तो थांबतोय होय? एकोणीस वर्षांचं वय. चऱ्हाट धरून "मी बघतो" म्हणाला आणि गेला. खाली पाय टेकल्याचा आवाज आला, मग बसल्यासारखा, आणि मग काही नाही.

धान चोरीला गेलं नव्हतं. बंद पेवात दाणा श्वास घेतो आणि कर्बवायू सोडतो, तो जड असतो, तळाशी भरून राहतो. हवेत ध्वनी सेकंदाला तीनशे चाळीस मीटरच्या आसपास पळतो. त्या वायूत दोनशे साठ-सत्तर. ध्वनी मंद पळाला की पोकळीचा सूर उतरतो, पोकळी तेवढीच असली तरी. पेव रिकामं झालं नव्हतं, विषानं भरलं होतं. पेवानं मला खरं तेच सांगितलं होतं. मला त्याची भाषा अर्धीच येत होती आणि मी पूर्ण येत असल्याच्या तोऱ्यात होतो.

हे मला कधी कळलं विचाराल तर त्याच संध्याकाळी. सांडूला ओसरीवर ठेवलं होतं. मी गोठ्यामागं बसून आकडे मांडले, मातीत, काडीनं. दहा मिनिटांचं काम होतं. वर्गात नववीची पोरं करतात.

तेव्हा मी उठून यायला हवं होतं. माय तुम्हाला विचारत होती, "काक्या, कंदील सोडला व्हता का?" तुम्ही मान खाली घालून बसला होता. तिनं तीनदा विचारलं. मग ती म्हणाली ते म्हणाली, की तोंड दाखवू नको, मेले तरी येऊ नको. तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. का घेतलं नाहीत याचा मी अकरा वर्षं विचार करतो आहे. माझी शिकण्याची वर्षं वाया जातील म्हणून स्वतःवर घेतलंत असं मी धरून चाललो. तुमच्या त्या गप्प बसण्यावर माझी नोकरी, घर, संसार उभा आहे. याची मला लाज वाटते. लिहूनही ती कमी होत नाही.

म्हणून परवा मायला सगळं सांगितलं. तिच्याजवळ बसलो, तिचा हात धरला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. ती शेंगा सोलत राहिली.

तुम्ही उतरू नका. एवढं ऐका.

बद्रीनाथ


पडेगाव
३ जानेवारी १९७३

ती. दादा,

तुमचं उत्तर नाही. मी शाळेतून आल्यावर आधी कोनाडा बघतो, वच्छला पत्र तिथं ठेवते.

मागच्या पत्रातलं एक दुरुस्त करायचं आहे. मायला मी सांगितलं हे खरं. पण तिच्या डाव्या बाजूला बसून, हळू आवाजात. तो कान तर साफच गेलेला आहे. बोलताना मला हे माहीत होतं. सांगितल्याचं पुण्य पदरात पडावं आणि तिला कळू तर नये, असा तो बेत होता. बघा, तुमचा भाऊ किती हुशार.

मोठ्यानं का नाही सांगत म्हणाल तर तिला ऐकू जाईल इतकं ओरडायचं म्हणजे सगळ्या पडेगावाला सांगणं आहे. शाळेतले दोन मास्तर मागच्याच आळीत राहतात. ही सबब मी सहा वर्षं वापरली. ती बहिरी व्हायच्या आधीची पाच वर्षं दुसरी कुठली वापरत होतो, आता आठवत नाही.

आता तीही सबब गेली. शनिवारी शाळेतला नादकाटा घरी आणला, सहज. दोन बोटांचा पोलादी चिमटा, गुडघ्यावर आपटला की गुणगुणतो. मायच्या कानाशी धरला, उजव्या, डाव्या. तिला काही नाही. मग त्याची दांडी तिच्या उजव्या कानामागच्या हाडावर टेकवली. दादा, तिचे डोळे मोठे झाले. म्हणाली, "ह्ये काय रं? डोक्यात कोन गातंय?" कानाच्या पडद्यामागची बारीक हाडांची साखळी गंजली आहे, पण आतला कान शाबूत आहे. ध्वनी हवेतून जात नाही, हाडातून जातो. मी दांडी उचलली की ती मान हलवायची, पुन्हा लाव. पंधरावीस वेळा लावायला लावली. लहान मुलीसारखी हसत होती. मला मात्र ते बघवेना.

मग म्हणाली, "पेवाचा आवाज असाच येतो. हाडातनं."

तुम्हाला आठवतं का, पोलीस ॲक्शनच्या आधी, रझाकार गावात येणार अशी आवई उठली तेव्हा ती सांडूला घेऊन त्याच पेवात बसली होती? तेव्हा ते रिकामं होतं. सांडू सहा वर्षांचा. दोन दिवस तिनं त्याच्या तोंडावर हात धरून काढले, कारण आत साधी शिंक आली तरी पेव ती मोठी करून वर पाठवायचं. ती म्हणते त्या दोन दिवसांत एक आवाज सारखा होता. कानाला नाही, दातांना कळायचा. आता मास्तर म्हणून मला ठाऊक आहे की वारा अरुंद तोंडावरून गेला की एवढी मोठी पोकळी सेकंदाला सात-आठ कंपनं इतकी संथ घुमते. विसाच्या खालचं माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. अंगाला मात्र कळतं, उगाच भीती वाटते, कुत्री उठून जातात. हे सगळं पुस्तकात आहे. अकरा कोसांवरून, माती टाकून बंद केलेल्या पेवातून ते पडेगावच्या फरशीत कसं येईल, हे पुस्तकात नाही.

काल चारला मी पितळेच्या परातीत पाणी घालून ती मायच्या हाताशेजारी ठेवली. गोळीबार नव्हता, मी छावणीतल्या ओळखीच्या हवालदाराला विचारून ठेवलं होतं. वारा नव्हता. पाण्यावर बारीक वलयं येत होती, कडेकडून मध्याकडे. मायनं हात उचलला तेव्हा ती थांबली. तिचाच हात थरथरत असेल. म्हातारं माणूस आहे.

मी वीस तारखेला, शनिवारी, गावाला येतो. मी येईपर्यंत कुणी उतरायचं नाही. तुम्ही तर नाहीच.

बद्रीनाथ


पडेगाव
२२ जानेवारी १९७३

ती. दादा,

काल गावातून निघताना आपण बोललो नाही, म्हणून लिहितो. कडूबा पाटलाच्या बैलगाडीत बसलो आणि तुम्ही पाठ फिरवून पोती शिवत राहिलात. मला वाटलं हाक माराल. मीही मारली नाही.

आधी एक विचारतो. तुम्ही लोकांना सांगत होता, झाकण मंगळवारी काढलं, उन्हं कलल्यावर. मला हे शनिवारी कळलं. पण मंगळवारी चारला माय फरशीवरून हात झटकन उचलून म्हणाली होती, "उघडलं." वच्छला साक्षीला आहे. मी वहीत वेळ लिहून ठेवली. मंगळवारी किती वाजले होते ते तुम्हाला आठवलं तर कळवा. नाही कळवलंत तरी चालेल. खरं म्हणजे नका कळवू.

तुम्ही माझं ऐकलंत. चार दिवस तोंड उघडं ठेवलंत, आणि मी आल्यावर माझ्यादेखत कंदील सोडलात. तो तळाशी जाऊन शांत जळत होता. सगळं गाव भोवती उभं होतं. मग तुम्ही चऱ्हाटाचं टोक माझ्याकडं केलंत. "या बारीला तू उतर," म्हणालात. अकरा वर्षांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. मी उतरलो, कारण नाही म्हणायला तोंड नव्हतं.

आत काय होतं ते तुम्ही विचारलं नाहीत. मी वर पोती भरून दिली, वरची वीतभर काळी ज्वारी बाजूला, खालची पिवळी, वास मारणारी पण खाण्याजोगी. एवढंच तुम्ही पाहिलंत. उरलेलं सांगतो.

ज्वारीचा वरचा थर पापडासारखा कडक झाला होता. त्या थरात एक खळगा होता. एका कुशीवर, पाय पोटाशी घेऊन झोपल्यावर पडतो तसा. त्या दिवशी सांडूला फासानं वर ओढून घेतलं आणि लगेच झाकण लावलं, आत पुन्हा कुणी गेलंच नव्हतं. खांद्याची जागा, ढोपराची जागा, डोक्याची. अकरा वर्षं ते तसंच राहिलं होतं. मी त्यात हात ठेवला. आत गार होतं, बाकीच्या ज्वारीपेक्षा गार. पहिली काळी पाटी मी तिथूनच भरली, मोडून टाकलं ते, कारण त्याच्याकडं बघत मला काम करता आलं नसतं.

त्याआधी मात्र मी एक मूर्खपणा केला. सवय म्हणा. आवाज लावला. हवा शुद्ध होती, कंदील जळत होता, धान्य एकसष्टमध्ये होतं तेवढंच. हिशेबानं सूर वर लागायला हवा होता, फाल्गुनात लागला होता तिथं. मी आवाज उतरवत नेला आणि ती जागा येऊन गेली. पेव गप्प. खाली, आणखी खाली, जिथं गळा खरखरतो तिथं त्यानं आवाज उचलला. त्याच जागी. विषाच्या सुरावर.

दादा, मी चूक करणारा माणूस आहे हे सिद्ध झालेलंच आहे. ही पण चूक असू दे. पण दोन आवाज जवळजवळ सारखे असले, अगदी थोड्या फरकाचे, की ते मिळून ठोके पडतात, वर-खाली, वर-खाली. एकट्या आवाजाला ठोके पडत नाहीत. मला ठोके ऐकू येत होते. मी तोंड मिटलं. माझा आवाज बंद झाल्यावरही एक आवाज, तोच, जरासा वेगळा, एक श्वासभर राहिला. मग थांबला. मी वर बघून ओरडलो, "दादा, तुम्ही काही म्हणालात का?" तुम्ही म्हणालात, "नाय."

आणि मग, शेवटची पोती वर गेल्यावर, तुम्ही बोललात. लोक पोती घेऊन चावडीकडं गेले होते, तोंडाशी तुम्ही एकटे. तुमचं डोकं उजेडाच्या गोलात काळं दिसत होतं. हळूच बोललात, पण पेवात हळू काही राहत नाही.

"बद्री, त्या दिशी मी कंदील सोडला व्हता. तू यायच्या आधी. दोनदा सोडला. दोनदा इझला. मंग तू आला, म्हणला मी ऐकतो. मला वाटलं, शिकल्यालं पोरगं हाय, आवाजानं सांगतंय त्ये कंदिलापरीस खरं असंल. वारं लागलं असंल कंदिलाला. म्हणून म्या सांडूला आडवलं नाय."

मी तळाशी उभा होतो. चारी बाजूंनी तुमचा आवाज येत होता, पाठीमागून सुद्धा. त्याचं उत्तर आता देतो.

तुम्ही माझ्यासाठी गप्प बसलात असं समजून मी अकरा वर्षं तुम्हाला देव केलं आणि स्वतःला किडा. तुम्ही स्वतःसाठी गप्प बसला होता. मायनं विचारलं, कंदील सोडला का, आणि सोडला म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, मग विझला की नाही? मला राग यायला हवा. येतो आहे, थोडा. पण त्याहून जास्त काय वाटतं सांगू? हायसं वाटतं. आणि हायसं वाटल्याची पुन्हा लाज. आपण दोघं सारखेच निघालो. डोळ्यांनी विझलेला कंदील बघून तुम्ही माझ्या कानावर भरवसा ठेवलात, आणि मी माझ्याच कानावर. सांडूनं आपल्या दोघांवर ठेवला.

मी मायला माझं सांगणार आहे. या वेळी खरंच.

बद्रीनाथ


मध्यवर्ती बसस्थानक, औरंगाबाद
२९ जानेवारी १९७३, सकाळ

ती. दादा,

हे पत्र टपालानं येणार नाही. मायच्या हाती देतो आहे. घाईत लिहितो, वहीचं पान फाडून, अक्षर लावून घ्या.

काल दुपारी तिला सांगितलं. ती फरशीवर हात टेकून बसली होती. मी तिच्या उजव्या बाजूला बसलो, तिचं डोकं धरलं आणि कानामागच्या हाडाला ओठ लावून बोललो. असं तिच्या इतक्या जवळ मी लहानपणानंतर गेलो नव्हतो. ओरडावं लागलं नाही. कुजबुज पुरली. तिथंच माझ्यापाशी वच्छला होती तिलासुद्धा शब्द कळले नाहीत. मी म्हणालो, सूर मी ऐकला होता, मी चुकीचं सांगितलं, कंदील कशाला असं मीच म्हणालो, सांडू माझ्या शब्दावर उतरला. माझं बोलणं तिच्या हाडातून जाताना माझ्या दातांना कळत होतं.

तिनं मला ढकललं नाही. मग विचारलं, "काक्या मंग बोलला का न्हाई?"

मी ओठ हाडावरून काढून घेतले.

"अकरा वर्सं," ती म्हणाली. "माझ्या लेकराला म्या अकरा वर्सं उंबऱ्याबाहेर ठिवलं. तुझ्या पायी." मग माझ्याकडं बघितलं. ती मला मारेल असं वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं. उठली, नवं लुगडं काढलं, गाठोडं बांधलं. वच्छलानं भाकरी दिल्या त्या घेतल्या. मी म्हणालो, मी पोचवतो, तर बोट दाखवून बसवलं. रात्री जेवली नाही. पहाटे दाराशी येऊन उभी, की यष्टी कुठं मिळते तेवढं दाखव आणि तू माघारी फिर.

ती आता समोर बाकावर बसली आहे, गाठोडं मांडीवर घेऊन, माझ्याकडं पाठ करून. कंडक्टरला सांगितलं आहे की म्हातारीला ऐकू येत नाही, श्रीरामपूर आलं की हात धरून उतरवा. तुमच्या कारखान्याचा पत्ता चिठ्ठीवर लिहून तिच्या पदराला बांधला आहे. भला माणूस दिसतो.

काल चार वाजल्यानंतर तिनं फरशीवर हात ठेवला नाही. ती गाठोडं बांधत होती तेव्हा मी ठेवला. येतं आहे, दादा. माझ्या हाताला येतं आहे.

गाडी लागली. एवढंच लिहायचं राहिलं: तुमच्या कंदिलाचं मी तिला सांगितलेलं नाही. ते माझं नव्हतं. तुमचा काही दोष नव्हता असं समजून ती तुमच्याकडं येते आहे, तुमचे पाय धरायलाही कमी करायची नाही. पुढचं तुम्ही ठरवा. तिच्या उजव्या कानामागं उंच हाड आहे. तिथं ओठ टेकवून बोललात तर अगदी हळू बोललेलंही तिला सगळं ऐकू येतं.

बद्रीनाथ